पस्तीस बुड्या

माझ्या वडिलांना कॉलेजात सगळे थर्मामीटर म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण त्यांना ते ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर ते त्यावर खूश आहेत. तापलेल्या पाण्यावर तळहात धरून ते डोळे मिटतात आणि म्हणतात, "अठ्ठावन्न. फार तर एकोणसाठ." मग मुलं काचेचा खरा थर्मामीटर बुडवून बघतात आणि अठ्ठावन्न दिसले की एकमेकांना कोपरखळ्या मारतात. घरी मात्र हाच माणूस चहा उकळता तोंडाला लावतो, जीभ पोळून घेतो आणि म्हणतो, "अरेच्चा!" एकोणतीस वर्षं रोज सकाळी मी हे 'अरेच्चा' ऐकत आले आहे.

ते जीवशास्त्राच्या लॅबमध्ये मदतनीस आहेत. काचेची भांडी तीनदा धुतात, एकदा साबणानं, एकदा नळाच्या पाण्यानं, एकदा शुद्ध पाण्यानं, आणि मग उगीचच खिडकीशी नेऊन उजेडात धरतात. "हे कशाला?" असं मी लहानपणी विचारलं होतं. "बरं वाटतं," म्हणाले. बाबांकडून मिळालेलं हे बहुधा सगळ्यात लांब उत्तर.

ती लॅब दुसऱ्या मजल्यावर, पश्चिमेच्या अंगाला आहे. लांबलचक खोली, काळ्या फरशीचे ओटे, प्रत्येक ओट्यावर नळ, आणि त्यातला एखादा तरी ठिबकणारा. एकाही स्टुलाचे चारही पाय एका वेळी जमिनीला टेकत नाहीत. शाळा सुटली की मी तिथे जायचे आणि दोन स्टुलं जोडून आडवी व्हायचे. दुपार कलली की ऊन तिरपं आत यायचं, पातेल्यातली वाफ त्या उन्हात शिरायची, आणि बाबा वाफेच्या पलीकडे कुठेतरी असायचे, थोडे दिसायचे, थोडे नाही. बाबांचं काम वाफ करण्याचं आहे अशीच तेव्हा माझी समजूत होती. अजूनही अर्धवट झोपेत मला तो ओल्या लाकडाचा आणि साबणाचा वास येतो, आणि आपण किती वर्षांच्या आहोत हे आठवायला जरा वेळ लागतो.

गेल्या वर्षी तिथल्या मॅडमनी नवा प्रयोग काढला. कर्करोगाचा धोका वाढवणारा डीएनएमधला एखादा बारीकसा बदल शेवटच्या वर्षाच्या मुलांनी स्वतःच्या हातांनी शोधायचा. मोठ्या प्रयोगशाळांत याला यंत्र असतं. कॉलेजातही एक होतं, पण ते सुरू केलं की करपल्याचा वास सुटायचा. मॅडम म्हणाल्या, "यंत्र तरी काय करतं? नळ्या गरम करतं, गार करतं, परत गरम करतं. ते आपण करू." आणि त्यांनी बाबांकडे बघितलं.

तेव्हापासून ओट्यावर तीन पातेली मांडलेली असतात. एक जवळजवळ उकळतं, दुसरं अठ्ठावन्नावर, तिसरं बहात्तरावर. करंगळीच्या पेराएवढ्या नळ्या, प्रत्येकीत थेंबभर द्रव, ते उडून जाऊ नये म्हणून वर तेलाचा टिपूस. या नळ्या चहाच्या गाळणीत खोचायच्या आणि गाळणी अर्धं मिनिट इथे, अर्धं मिनिट तिथे, अर्धं मिनिट पलीकडे बुडवायची. पहिल्या पातेल्यात डीएनएचे दोन धागे सुटे होतात. दुसऱ्यात मॅडमनी घातलेले चिमुकले तुकडे त्यावर आपली जागा शोधून चिकटतात. तिसऱ्यात त्या जागेची नक्कल तयार होते. दर फेरीला दुप्पट. अशा पस्तीस फेऱ्या झाल्या की डोळ्यांना कधीच दिसलं नसतं ते दिसण्याइतकं होतं. मग जेवणाच्या प्लास्टिकच्या डब्यात तारा बसवून केलेलं एक साधन आहे, त्यात जेलीची चकती ठेवायची, प्रत्येक नळीतला थेंब तिच्यातल्या एकेका घरात भरायचा, वीज सोडायची, आणि शेवटी पडदे ओढून चकती निळ्या दिव्यावर धरून केशरी फाइलच्या पारदर्शक कागदातून बघायची. काळोखात हिरव्या रेघा उजळतात. वरची रेघ आली म्हणजे प्रयोग जमला. खालची आली म्हणजे तो बदल आहे.

एका नळीत बदल असलेला विकतचा डीएनए, दुसरीत बदल नसलेला, आणि तिसरीत नुसतं पाणी. पाण्याच्या घरात काही म्हणजे काही दिसता कामा नये. दिसलंच, तर कुणाचा तरी हात लागलाय आणि सगळा प्रयोग कचऱ्यात. हा प्रयोग सुरू झाल्यापासून पाण्याच्या घरात एकदाही रेघ आलेली नाही, असं मॅडम अभिमानानं सांगतात.

कुठला बदल शोधायचा हे बाबांनी सुचवलं होतं. एका रिपोर्टची घडी त्यांनी मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हाच घ्या की." तो आईचा रिपोर्ट होता.

आई जाऊन चार वर्षं झाली. स्तनाच्या कर्करोगानं गेली, तिच्या आधी मावशी गेली तशीच. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आईकडे हा बदल होता. तुमच्याकडे असेल किंवा नसेल, निम्मी निम्मी शक्यता. रक्त द्या, कळेल. असला तर आपण डोळ्यांत तेल घालून तपासत राहू." त्यांनी दिलेली चिठ्ठी मी ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवर लावून घेतला. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे माझं तत्त्व. मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. बाबा एकदाच म्हणाले, "दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावतेस आणि घरातली एक चिठ्ठी वाचवत नाही तुला." मी अशी काही फाडकन बोलले की त्यानंतर त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. माझी जीभ आईवर गेली आहे, असं सगळे म्हणतात. केसही. लांब, जाड, काळेभोर, मागून बघितलं तर शेजारीणसुद्धा फसायची.

आमच्या घरात आईबद्दल बोलणं असं नव्हतंच. ती गेली त्या महिन्यातच बाबांनी तिच्या सगळ्या वस्तू दोन पिशव्यांत भरून देऊन टाकल्या. मला विचारलं नाही. मी रागानं आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही की का. दोघंही आपापलं दुःख पोटात घालून एकाच टेबलावर जेवत होतो आणि म्हणत होतो, मीठ दे.

या वर्षी परीक्षा संपल्यावर बाबा एकाएकी विचित्र वागायला लागले. माझ्याकडे छत्री असताना दुसरी छत्री आणली. माझे बूट पुसून ठेवायला लागले. सकाळी जाग यावी तर दारात उभे. "काय झालं?" "काही नाही, थंडी वाजते का बघत होतो." एक दिवस तर दुकानात आले आणि म्हणाले, डोळे तपास. चष्मा दोन महिन्यांपूर्वीच दिलेला! मी बसवलं, समोरचा तक्ता दाखवला, तर पहिली ओळसुद्धा चुकीची वाचली. डोळ्यांत पाणी असलं की अक्षरं वाचता येत नाहीत, एवढं मला धंद्यावरून कळायला हवं होतं. मला वाटलं, म्हातारे होताहेत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चहा गार होईपर्यंत ते कपाकडे नुसते बघत बसायचे. 'अरेच्चा' बंद झालं. त्या शांततेनं मला खरोखर भीती वाटायला लागली.

अकराव्या दिवशी मी ड्रॉवर उघडला. चिठ्ठीसाठी नव्हे. चिठ्ठीच्या खाली रुमालात गुंडाळलेला एक कंगवा आहे. बाबा पिशव्या भरत होते तेव्हा मी तो आईच्या वस्तूंतून काढून घेतला होता. आजारपणाच्या आधीचा, लाकडी. त्याच्या दातांत तिचे सात-आठ केस अडकलेले होते. मी तो कधी वापरला नाही, धुतला नाही. कधीतरी नुसता रुमाल उघडून बघायचा आणि परत गुंडाळून ठेवायचा, एवढंच. त्या दिवशी रुमाल उघडला तर कंगवा लख्ख. एकही केस नाही.

मी ओरडतच बाहेर आले. "कंगव्यातले केस कुणी काढले?"

बाबा टेबलाशी बसले होते. घरात दोनच माणसं, तेव्हा प्रश्नात काही अर्थ नव्हता. ते उभे राहिले आणि शाळेत पकडलेल्या पोरासारखे म्हणाले, "मी. मला माफ कर, चिंगे. मला राहवलं नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा ते इतकं सलग बोलले, आणि मी त्या लॅबमध्ये इतकी वाढले आहे की ऐकता ऐकता मला सगळं दिसत गेलं. परीक्षेनंतरची रिकामी दुपार. मुलांच्या प्रयोगातून उरलेलं सामान. खिशातल्या कागदाच्या पुडीत केस, मुळांसकट. मूळ चांगलं दिसणारे तीन त्यांनी उजेडात धरून निवडले, खाराच्या पाण्यात उकळले, त्यातला थेंब चौथ्या नळीत घातला. तीन पातेली. वाफ. पस्तीस फेऱ्या, एकही चुकवली नाही. पडदे ओढले, निळा दिवा लावला, केशरी कागद धरला. पहिल्या घरात दोन रेघा, बरोबर. दुसऱ्यात वरची एकच, बरोबर. तिसरं पाण्याचं घर काळंकुट्ट.

"चौथ्यात दोन," बाबा म्हणाले. "वरची आणि खालची. मी म्हटलं, पाण्याच्या घरात तरी काहीतरी दिसू दे. पुसटशी तरी रेघ. म्हणजे माझा हात घाण होता असं म्हणता आलं असतं. वर्षभर मी ते घर कोरं राहावं म्हणून धडपडलो, आणि त्या दिवशी वाटलं, देवा, एकदा घाण होऊ दे. नाही झालं. मग मी दिवा बंद केला आणि तिथेच स्टुलावर बसलो. रोज घरी येऊन तुला कसं सांगायचं ते ठरवायचो. तू समोर आलीस की ठरवलेलं विसरायचो."

मला भयंकर राग आला होता. माझ्या पाठीमागे, मला न विचारता, माझ्या ड्रॉवरमधून! जे मला जाणून घ्यायचं नव्हतं ते हा माणूस दहा दिवस माझ्याआधी जाणून बसला होता. मी तोंड उघडलं, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की ते काय म्हणाले.

"बाबा, ते माझे केस नव्हते."

"मग कुणाचे?"

"तो आईचा कंगवा आहे. तुमच्या पिशवीतून मी काढून ठेवला होता."

ते हळूच खुर्चीत बसले. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे ती होती?" आणि असे हसले, आणि हसता हसता असे रडले, की माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. आईबद्दल आम्ही बोललो असतो, कंगवा टेबलावर दोघांच्या मध्ये ठेवून कधीतरी एकदा रडून घेतलं असतं, तर ही चूक झालीच नसती. इतका स्वच्छ हात असलेल्या माणसाकडून ती होण्याचं दुसरं कारणच नव्हतं.

"मला बघायचंय," मी म्हणाले.

लॅबच्या फ्रिजमध्ये त्या केसांचा द्रव थोडा उरला होता. शनिवारी दुपारी आम्ही दोघं गेलो. मॅडम होत्या. बाबांनी आधी त्यांना सगळं कबूल केलं. मॅडम म्हणाल्या, "न विचारता कुणाचं काहीही तपासायचं नाही, हे मी मुलांना पहिल्याच तासाला शिकवते. तुम्ही मागे फळा पुसत होतात." बाबांनी मान खाली घातली. मग मॅडमनीच पातेल्यांखालच्या शेगड्या लावल्या.

मी माझ्या जुन्या जागी दोन स्टुलं जोडून बसले. बाबांनी गाळणी पहिल्या पातेल्यात बुडवली आणि ओठ हलवायला लागले. मुलं फेऱ्या मोजताना नेहमी चुकतात, बाबा कधीच नाही, हे मला माहीत होतं. ते मोजतात कसे हे माहीत नव्हतं.

"मोठ्यानं मोजा ना," मी म्हणाले.

ते लाजले. मग म्हणाले, "मी आकडे मोजत नाही. वर्षं मोजतो. ही पहिली, लग्नाचं वर्ष." गाळणी दुसऱ्या पातेल्यात गेली, तिसऱ्यात गेली. "हे दुसरं. तेव्हा आमच्या खोलीला खिडकी नव्हती. तिनं भिंतीवर खडूनं काढली." पाणी हलकंसं हलत होतं. "तिसरं. तिनं मला पोहायला शिकवायचं ठरवलं, मी बुडालो." सहाव्या बुडीला मी जन्मले, सातव्या बुडीला घरात कुणी झोपलं नाही. ऊन तिरपं झालं, वाफ उन्हात शिरली. बाबा बोलत होते की पाणी बोलत होतं कोण जाणे. बाराव्या वर्षी आई जिन्यावर गाणं म्हणायची, अठराव्या वर्षी तिनं केस कापले आणि आठवडाभर आरशाशी भांडली, आणि हे सगळं त्या गाळणीतल्या थेंबात एकाचं दोन, दोनाचं चार होत चाललं होतं. मी डोळे मिटले होते की नाही तेही आता आठवत नाही. खोलीत चौथं कुणीतरी होतं, एवढं मात्र मी शपथेवर सांगेन, आणि मी भोळसट बाई नाही.

एकतिसाव्या बुडीला बाबा थांबले. मग "बत्तीस," म्हणाले, नुसताच आकडा. तेहतीस. चौतीस. पस्तीस.

"या शेवटच्या चार लांबतात," ते म्हणाले. "घड्याळ बघ, तेवढाच वेळ असतो. पण लांबतात."

"आणि पुढच्या वर्षी छत्तीस होतील, मग?"

"मग पहिलं सोडून देईन. त्या वर्षी आम्ही नुसते भांडतच होतो."

पडदे ओढले. निळा दिवा लागला. केशरी कागदाच्या पलीकडे काळोख होता, आणि त्या काळोखात चौथ्या घरात दोन हिरव्या रेघा स्थिर तेवत होत्या. खालची रेघ, जिनं आईला नेलं ती, वरचीइतकीच शांत होती. चार वर्षं मी तिला घाबरत होते आणि ती नखाएवढी होती. आईचंच अंग होतं ते, तिच्या हातासारखं, तिच्या जिभेसारखं. मला तिची इतकी आठवण आली की मी तिथेच हुंदके द्यायला लागले, आणि मॅडम खिडकीशी जाऊन नसलेली धूळ पुसायला लागल्या.

थोड्या वेळानं मी म्हणाले, "बाबा, माझंही बघू या. आत्ताच. हे घ्या केस, या वेळी खरंच माझे."

"नाही," बाबा म्हणाले. मला वाटलं घाबरले. पण ते आपल्या कामाच्या आवाजात बोलत होते. "ही पातेली मुलांना शिकवायला आहेत. इथे माझ्यासारखा माणूस कुणाचा कंगवा कुणाचा समजतो. तुझं इथे नाही बघायचं. तुझं हॉस्पिटलात, तुझ्या समोर, तुझ्या नावाच्या नळीत."

सोमवारी मी चिठ्ठी घेऊन गेले. चिठ्ठी इतकी जुनी झाली होती की काउंटरवरच्या बाईंनी नवी लिहून दिली. रक्त घेतलं, बाबा बाहेर बाकावर बसले होते. मग तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत आम्ही आईबद्दल इतकं बोललो की शेजारीण विचारून गेली, पाहुणे आलेत का?

निकालाच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतलं आणि पाकीट उघडायच्या आधी आपली खुर्ची टेबलाला वळसा घालून आमच्याकडे आणली. तेव्हाच मला कळलं. त्यांनी सावकाश, स्वच्छ शब्दांत सांगितलं की तो बदल माझ्याकडे आहे. याचा अर्थ आजार आहे असा नाही, आज काहीही झालेलं नाही, पण आता दर सहा महिन्यांनी यायचं. मी मान हलवत होते. शब्द लांबून, पाण्याखालून आल्यासारखे येत होते. बाबांकडे बघायचं धाडस होईना. वाटलं, हा माणूस आता कोसळेल आणि मलाच त्याला सावरावं लागेल.

बाबांनी माझा हात हातात घेतला. त्यांचा तळहात कोरडा आणि उबदार होता, अजिबात थरथरत नव्हता.

"माझं दहा दिवस रडून झालंय, चिंगे," ते म्हणाले. "आता तू रड. मी आहे."

मी रडले. त्या खोलीत, त्या दोघांसमोर, अगदी लहान मुलीसारखी मोठ्यानं. आणि माझं रडणं चालू असतानाच बाबा डॉक्टरीणबाईंना विचारत होते की पहिली तपासणी कधी, किती वाजता, आणि बरोबर कुणी आलं तर चालतं का.